ताई, बँड सैल करायला लावलात, त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमच्या केबिनमधून निघताना मी दरवेळी 'थँक्यू' म्हणते आणि तुम्ही पुढच्या पेशंटची फाईल उघडता उघडता मान हलवता. तेवढ्यात काही बोलून होत नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण वजन कमी करण्यासाठी जठराला बँड बसवून घेतलेलं आणखी कुणी माझ्यासारखं चाचपडत असेल, तर त्यांनाही ते वाचता यावं.

ऑपरेशनआधी मी सापडेल ते वाचून काढलं होतं. जठराच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचं कडं बसतं, त्याच्यावर जेमतेम दोन-तीन चमचे मावतील एवढाच कप्पा राहतो. कातडीखालच्या पोर्टमधून, म्हणजे कड्याला नळीने जोडलेल्या छोट्या डबीतून, सुईने सलाईन भरलं की कडं आवळतं, काढलं की सैल होतं. दुर्बिणीतून असा सैल-घट्ट करता येणारा बँड बसवायला बेल्जियममध्ये १९९३ साली सुरुवात झाली, हेसुद्धा मला पाठ होतं. घास केवढा घ्यायचा, ते मात्र माहीत नव्हतं.

पातळ, मग वाटलेलं, मग मऊ, हे पहिले आठवडे निभावले. खरी पंचाईत झाली ती घट्ट जेवण सुरू झाल्यावर. चिकनचा एक तुकडा घाईत गिळला आणि छातीच्या मध्यभागी कुणीतरी दगड ठेवल्यासारखं झालं. तोंडाला लाळ सुटली, मग फेस यायला लागला. तुकडा खाली उतरेल म्हणून मी वरून ग्लासभर पाणी प्यायले, तर तेही उलटून आलं. घाबरून तुम्हाला फोन केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "आता काहीही गिळू नका. पाणीसुद्धा नको. जरा उभ्या राहा, हळूहळू फिरा." मोकळं झाल्यावर चोवीस तास फक्त पातळ घ्यायला सांगितलंत. आणि पाणीही उतरेनासं झालं तर वाट न बघता सर्जनना गाठायचं, हे दोनदा बजावलंत. सारखी उलटी होत राहिली तर बँड जागेवरून सरकू शकतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या भेटीला तुम्ही टेबलावर एक उकडलेलं अंडं ठेवलंत आणि हातातलं घड्याळ काढून शेजारी ठेवलंत. अर्धं मला, अर्धं तुम्हाला. नखाएवढा तुकडा, त्याची अगदी पेस्ट होईपर्यंत चावणं, गिळणं, आणि मग पूर्ण एक मिनिट थांबणं. ते मिनिट किती लांब असतं! त्या मिनिटांमध्ये तुम्ही मला बँडचं खरं काम समजावलंत. मी समजत होते की वरचा कप्पा भरायचा आणि तो भरला की जेवण संपलं. तुम्ही म्हणालात, तसं नाही. गिळलेला घास अन्ननलिका आवळून आवळून कड्यातून पलीकडे ढकलते. एका घासाला दोनदा, कधी पाच-सहादासुद्धा जोर लावावा लागतो. पहिला घास पार व्हायच्या आत दुसरा गेला की वाट अडते. आणि एकेक घास असा पार होताना जठराच्या वरच्या भागावर जो हलका दाब पडतो, त्यातूनच 'बास' असा निरोप मेंदूकडे जातो. तो निरोप हळू आवाजात येतो, घाईत ऐकू येत नाही. वीस मिनिटं झाली. माझं अर्धं अंडं अजून थोडं उरलं होतं आणि मला भूक नव्हती. कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मी रडले, आणि तुम्ही काही न बोलता बसून राहिलात.

बाकीचे नियम तुम्ही एका कागदावर लिहून दिलेत: जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही, फसफसणारी पेयं बंद, आधी प्रथिनं, मऊ पावापासून सावध, मोठ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. तो कागद अजून फ्रिजवर आहे.

पण या पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. तिसऱ्या फिलनंतर, म्हणजे तिसऱ्यांदा सलाईन भरल्यावर, दोन महिने माझं वजन जागचं हललं नाही. मी तुमच्याकडे आले ती आणखी एक फिल हवी असं ठरवूनच. बँड अजून आवळला की कमी खाल्लं जाईल, एवढा सरळ हिशोब. तुम्ही 'किती खाल्लं' हे विचारलंच नाहीत. विचारलंत, "कसं खाल्लं? काय उतरतं, काय अडकतं?" मग मी खाण्याच्या नोंदवहीत न लिहिलेलं सगळं सांगितलं. भाजी अडकते, मासा अडकतो, म्हणून मी आइस्क्रीम, मिल्कशेक आणि चॉकलेटवर दिवस काढत होते. रात्री आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येऊन खोकला यायचा, तेही सांगितलं.

मला बोलणी खायची सवय होती. तुम्ही मात्र म्हणालात, "यात तुमचा दोष नाही, बँड जास्त घट्ट झालाय." जे विरघळतं, ते घट्ट आवळलेल्या कड्यातूनही सहज खाली जातं आणि त्याने पोट भरल्याचं कळत नाही. घट्ट अन्न उतरेनासं झालं की माणूस आपोआप अशा पदार्थांकडे वळतो. तुम्ही लगेच सर्जनशी बोललात आणि थोडं सलाईन काढून घेतलं गेलं. त्या रात्री मला खूप भीती वाटली. सैल केला म्हणजे पुन्हा पूर्वीसारखी होणार, असंच वाटत होतं. तीन आठवड्यांत खोकला थांबला. मी मासा खाल्ला, भाजी खाल्ली, नीट चावून, अडकल्याशिवाय. आणि वजन पुन्हा उतरू लागलं.

आईबद्दलही लिहायलाच हवं. ताटात उरलेलं बघून तिचा चेहरा पडायचा, आणि त्या चेहऱ्यासाठी मी दोन घास जास्त घ्यायचे. तुम्ही तिला बोलावून घेतलंत आणि म्हणालात, "हिला वाढण्यापेक्षा हिच्याजवळ बसा." आता ती तिचं जेवण झालं तरी उठत नाही. माझ्या घासांच्या मधल्या मिनिटांत आम्ही जेवढं बोलतो, तेवढं आधी कधी बोललो नव्हतो.

कधीकधी मला जुन्या जेवणाची आठवण येते, त्यातल्या घाईची आणि भरगच्चपणाचीसुद्धा. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही ते उडवून लावलं नाहीत. "येणारच," म्हणालात. तेवढ्यानेही मला बरं वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात भेटूच. जुनी वही भरली, नवी घेतलीय. तिच्यात 'किती' हा रकाना आखलेला नाही.

तुमची,
मंगळवारची शेवटची पेशंट