व्याख्या आहे, अडते ते दुसरीकडेच

माननीय संपादक,

दहशतवादापुढे आंतरराष्ट्रीय कायदा तोकडा का पडतो, असा प्रश्न निघाला की ‘दहशतवाद म्हणजे काय यावरच देशांचे एकमत नाही’ असे उत्तर दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. दहशतवादाच्या अर्थपुरवठ्याविरुद्धच्या १९९९ च्या कराराचे दुसरे कलम वाचावे. नागरिकांना ठार मारण्याच्या वा गंभीर इजा करण्याच्या हेतूने केलेले आणि जनतेत भय निर्माण करणे किंवा सरकारला एखाद्या गोष्टीसाठी भाग पाडणे हा ज्याचा उद्देश आहे, अशा कृत्यासाठी पैसा पुरवणे तेथे गुन्हा ठरवले आहे. हा करार १८० हून अधिक देशांनी स्वीकारला आहे. मात्र हेच कृत्य म्हणजे दहशतवाद, असे सर्वसमावेशक करारात लिहायची वेळ आली की त्यांच्यातच फाटे फुटतात. तसा मसुदा भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मांडला. मुक्तिलढे आणि सरकारी सैन्यांची कृत्ये यांना दहशतवाद म्हणायचे का, या दोन मुद्द्यांवर तो आजही अडलेला आहे. (संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाने १९३७ मध्ये केलेल्या अशाच कराराला संमती देणारा एकमेव सदस्यही, तेव्हा ब्रिटिश अमलाखाली असलेला, भारतच होता.)

या टाळाटाळीचे परिणाम दोन्ही टोकांना दिसतात. सप्टेंबर २००१ मध्ये सुरक्षा परिषदेने १३७३ क्रमांकाच्या ठरावाने दहशतवादी कृत्ये गंभीर गुन्हा ठरवण्याचे बंधन सर्व देशांवर घातले, पण व्याख्या दिली नाही. त्यामुळे विरोधकांना आणि पत्रकारांना त्याच कलमांखाली अडकवणे काही सरकारांना सोपे झाले. उलट सुरक्षा परिषदेच्या, दहशतवाद्यांवर निर्बंध लादणाऱ्या १२६७ समितीच्या यादीत नाव घालण्यासाठी सर्व १५ सदस्यांची सहमती लागते, आणि ‘जैश-ए-महंमद’चा म्होरक्या मसूद अझर याचे नाव चीनच्या आडकाठीमुळे २०१९ पर्यंत त्या यादीत येऊ शकले नाही. एकदा नाव आले की ते का आले हे संबंधिताला कळण्याची सोयही फारशी नव्हती; यादीत नाव आलेल्या कादी या सौदी व्यावसायिकाच्या खटल्यात २००८ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नेमके त्यावरच बोट ठेवले आणि त्यानंतरच या समितीसाठी, नाव वगळण्याच्या अर्जांची छाननी करणारा लोकपाल नेमण्याचे ठरले.

मुक्तिलढ्याचा आक्षेप मला पोकळ वाटतो, कारण लढ्याचे कारण न्याय्य असले तरी नि:शस्त्र प्रवाशांची बस उडवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. सैन्यांविषयीचा आक्षेप मात्र तसा झटकून टाकता येणार नाही. तेथे युद्धविषयक कायदा लागू राहील आणि त्याखालील अपराधांना सूट मिळणार नाही, हे मसुद्यात स्पष्ट लिहावे लागेल. तेवढे करून १९९९ चेच शब्द उचलावेत, आणि यादीतील नाव रोखणाऱ्या सदस्याने आपले कारण लेखी व जाहीरपणे द्यावे, असा नियम समितीने करावा.

आपला,
एक वाचक