उबवणीच्या अंड्याचे कवचही बघा

महोदय,

पातळ कवचाच्या अंड्यांची चर्चा होते ती फक्त फूटतूट आणि भावापुरती. पण गावाकडे खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या अंड्याचे कवच म्हणजे पिल्लाच्या हाडांचा कच्चा माल! 21 दिवसांच्या उबवणीत सुरुवातीला गर्भ बलकातल्या कॅल्शियमवर भागवतो. हाडे टणक होऊ लागली की मात्र कवचाला आतून चिकटलेल्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यातून तो कवचच विरघळवून शोषून घेतो. पिल्लाच्या अंगातले बहुतेक कॅल्शियम असे कवचातून आलेले असते.

कवच पातळ निघाले म्हणून कोंबडीला बोल लावणे चूक आहे. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जाते आणि त्यातला मोठा भाग रात्री, खुराडे बंद असताना चढतो. पोटात पुरेसे नसेल तर ती बिचारी स्वतःच्या हाडांतून काढून देते. त्यात उन्हाळ्यात ती धापा टाकते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कवच आणखी पातळ होते.

माझी कळकळीची विनंती: संध्याकाळी वेगळ्या भांड्यात भरड शिंपला ठेवा. पूड नको, भरड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. उबवायला ठेवण्याआधी अंडे अंधारात बॅटरीवर धरा, केसासारखी तडही दिसते. आणि परसातील कुक्कुटपालनासाठी पिल्ले वाटणाऱ्या योजनांनी सोबत शिंपल्याची एक पिशवीही द्यावी. तिचा खर्च फारसा नाही.

– एक कुक्कुटपालक, संगमनेर