व्हेरिएबल एनडी म्हणजे नुसता गॉगल नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला कॅमेऱ्याच्या फिल्टरवरचा लेख वाचला, आवडला, पण व्हेरिएबल एनडीबद्दल (लेन्सपुढे लावून प्रकाश कमीजास्त कापता येणारा फिल्टर) 'लेन्सचा गॉगल, रिंग फिरवा नि हवा तेवढा अंधार करा' एवढंच लिहून सोडून दिलंय ते खटकलं, कारण असंच ऐकून मीही घेतला होता आणि पहिलंच शूट वाया घालवलं.

मुळात हा फिल्टर का लागतो? व्हिडिओ २५ फ्रेमला असेल तर शटर साधारण १/५० सेकंद ठेवतात, नाहीतर हालचाल तुटक दिसते. आता रणरणत्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ ला बरोबर एक्सपोजर येतं १/३२०० च्या आसपास. तिथून १/५० ला यायचं म्हणजे ६ स्टॉप प्रकाश कापायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). बाजारात सर्रास मिळणारा २ ते ५ स्टॉपवाला इथेच एका स्टॉपने कमी पडतो, मग छिद्र एक स्टॉप बारीक, म्हणजे एफ/४ करा. आणि लॉगमध्ये (रंग नंतर एडिटमध्ये सुधारायचे म्हणून मुद्दाम फिकं रेकॉर्डिंग) शूट करताना कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली येत नसेल तर अजून ३ स्टॉप! त्यामुळे आधी हिशोब, मग खरेदी.

आता मुख्य मुद्दा. यात एकच काळी काच नसते, दोन पोलरायझर (ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणाऱ्या, त्यामुळे चमक कापणाऱ्या काचा) असतात एकापुढे एक, पुढचा फिरवला की प्रकाश कमी होत जातो. म्हणजे अंधारासोबत पोलरायझरचे सगळे गुणदोष फुकट मिळतात. मी तळ्याकाठी शूट करत होतो, ढग आला म्हणून चालू शॉटमध्येच रिंग जराशी फिरवली, तर पाण्यावरची चमक बघता बघता गेली आणि तळातले दगड दिसायला लागले. पुढच्या क्लिपमध्ये चमक परत हजर. एडिटला बसल्यावर दोन्ही क्लिप एकाच दुपारच्या आहेत हे मलाच पटेना! नंतर कळलं की अशा वेळी रिंगला हात न लावता अॅपर्चर किंवा आयएसओ थोडं हलवावं. आणि चमकच कमीजास्त करायची असेल तर दोन्ही काचा एकत्र धरून अख्खा फिल्टर किंचित फिरवायचा, अंधार तेवढाच राहतो (फक्त थ्रेड सैल होऊन फिल्टर हातात येणार नाही एवढं बघा).

वाइड लेन्सवर तर रिंग शेवटपर्यंत नेऊच नका, फ्रेमवर काळपट फुली उमटते, ती एडिटमध्ये काही जात नाही. छोट्या स्क्रीनवर उन्हात ती दिसतही नाही, घरी आल्यावर कळतं. रंगही थोडा पिवळट-हिरवट होतो, म्हणून व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग) फिल्टर लावूनच सेट करावा.

फोटोवाल्यांसाठी मात्र माझं मत वेगळं आहे. धबधबा दुधासारखा करायचा, ट्रायपॉड लावलेलाच आहे, घाई कसलीच नाही, मग साधा फिक्स एनडी (ठरावीक अंधाराची एकच काच) घ्या ना. १० स्टॉपचा लावला की १/३० चं एक्सपोजर अर्ध्या मिनिटाच्या वर जातं आणि फुलीबिलीची भानगड नाही. व्हेरिएबलचा एक फायदा कबूल करतो, रिंग उघडी ठेवून फोकस करता येतो आणि मग अंधार करता येतो, फिक्सला दर वेळी काढा-घाला.

पुढच्या लेखात फुली पडलेला एखादा फोटो छापाल का? हवा असेल तर माझ्याकडे एक सोडून चाळीस आहेत.

आपला,
एक नियमित वाचक