‘तुंबाड’मधील म्हातारीविषयी

मा. संपादक,

आपल्या रविवार पुरवणीतील भयपटांविषयीचा लेख वाचला. त्यात राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चा उल्लेख लोभाची गोष्ट असा केला आहे आणि ते खरेच आहे, मात्र अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची शेवटपर्यंत शुश्रूषा केलेल्या माझ्यासारख्या बाईला हा चित्रपट पाहताना जी भीती वाटली, ती सोन्याच्या मुद्रांची नव्हती, त्या सोन्याच्या लोभी शापित देवाची, हस्तरचीही नव्हती. साखळीने बांधून ठेवलेल्या, जिला मरण येत नाही अशा त्या म्हातारीने मला हादरवले, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन गणपतीच्या दिवसांत, पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा दादरच्या एका चित्रपटगृहात मी तो मुलीसोबत पाहिला. आई जखमी धाकट्याला घेऊन बाहेर पडते आणि म्हातारीला भरवण्याचे काम लहानग्या विनायकावर येते, त्या प्रसंगाला मागच्या रांगेतली काही मुले मोठ्याने हसली. मला हसू येणे शक्यच नव्हते. आमची लालबागची खोली दोन दालनांची. आतल्या दालनात लोखंडी खाटेवर सासूबाई आणि मध्ये पडदा. वाचा गेल्यावर त्या रात्री पाणी हवे असले की स्टीलचा पेला खाटेच्या कडेवर आपटत. दिवसा ब्युरोची बाई असे, रात्री मी. मऊ भाताचा चमचा पुढे नेताना त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर खिळलेली असे आणि त्या नजरेत ओळख आहे की नुसती भूक, हे मला कधीच कळले नाही. पडद्यावर साखळीचा आवाज आला तेव्हा मला तो पेला ऐकू आला. ज्या माणसाची आपण मनापासून सेवा करतो त्याचीच अंधारात भीती वाटावी, ही गोष्ट घराघरांत असते आणि कोणी बोलून दाखवत नाही.

बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना भयकथाकार नारायण धारपांची एक कथा ऐकवली आणि या चित्रपटाचे बीज त्यांच्या मनात रुजले. धारप वाचत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला याचे नवल वाटणार नाही. त्यांनी आम्हाला भीती दाखवली ती बहुतेक वेळा माजघरात आणि बाळंतिणीच्या खोलीतही, म्हणजे जिथे दार लावून घेतल्यावर सुरक्षित वाटायला हवे तिथेच.

म्हातारीला भरवण्याच्या प्रसंगाहून अस्वस्थ करणारा प्रसंग चित्रपटात पुढे आहे. विनायक मोठा होऊन परततो, तेव्हा म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असते आणि तरी ती जिवंत असते. तिला सुटका हवी आहे, त्याला खजिन्याचा ठावठिकाणा. तो सौदा करतो, माहिती मिळवतो आणि कबूल केल्याप्रमाणे तिला जाळून मुक्तही करतो. तो शब्द पाळतो, हेच मला सर्वांत भयंकर वाटले, कारण तिला जे हवे होते ते मिळाले, पण त्यात तिच्यासाठी म्हणून केलेले काहीच नव्हते. पागडीच्या खोलीच्या कागदांवर अंगठा उठवून घेण्यासाठी आजाऱ्याच्या उशाशी अचानक जमलेले नातेवाईक मी आमच्या चाळीत पाहिले आहेत. तेही पाणी पाजत होते, पाय चेपत होते.

ज्या वर्षी हा चित्रपट आला, त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल, म्हणजे अखेरच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, मान्य केले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची किचकट प्रक्रिया काहीशी सोपी केली. चित्रपटाचा या निकालाशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु घरी आल्यावर मी आणि माझी मुलगी मध्यरात्र उलटून जाईपर्यंत बोलत बसलो ते याच विषयावर. माझ्या बाबतीत काय करायचे आणि काय करायचे नाही, हे मी तिला त्या रात्री प्रथमच स्पष्ट सांगितले. इतर कोणत्याही चित्रपटाने आम्हाला या बोलण्यापर्यंत आणले नव्हते.

भयपटाचे परीक्षण लिहिताना आपले समीक्षक छायाचित्रणाची आणि ध्वनीची वाखाणणी करतात, आणि ‘तुंबाड’च्या बाबतीत ती रास्तच आहे. मात्र प्रेक्षक नेमका कशाला घाबरला, हा प्रश्नही त्यांनी तितक्याच गांभीर्याने घ्यावा, अशी माझी विनंती आहे. आपल्या पुरवणीत वाचकांच्या अशा अनुभवांना, विशेषतः घरी वृद्धांची सेवा करणाऱ्या बायकांच्या अनुभवांना, थोडी जागा मिळाली तर त्या नक्की लिहितील.

आपली,
एक वाचक, लालबाग, मुंबई