रांगेतल्या फोटोला नोकरी म्हणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला तो 'तरुणांनी कष्टाची लाज सोडावी' वाला लेख वाचला. दोनदा वाचला, एकदा चहा घेताना आणि एकदा चहा गार झाल्यावर. लिहिणारे साहेब विद्वान आहेत, भाषाही चांगली आहे, वाद नाही. फक्त त्यांनी शेवटचा नोकरीचा अर्ज कोणत्या साली भरला तेवढं नावाखाली छापलं असतं तर आम्हाला बरं पडलं असतं.

मला लेखावर फार बोलायचं नाही. मला गेल्या मार्चातल्या फोटोवर बोलायचंय. तुम्ही विसरले असाल, आम्ही नाही विसरलो.

तो रोजगार मेळावा झाला होता बघा, बॅनरवर नेतेमंडळींचे चौदा फोटो (मुलाने रांगेत उभ्या उभ्या मोजले, दुसरं काम नव्हतं) आणि कूलर फक्त स्टेजपुढे. आमचा मुलगा, वय २८, एमकॉम, सकाळी सातला एरंडोलहून गाडीवर निघाला, फाइलमध्ये बायोडेटाच्या बारा झेरॉक्स. दुपारी दोनपर्यंत रांगेत. पहिल्या टेबलावर सांगितलं बारा तासांची शिफ्ट, हातात अकरा हजार, वाढीचं सहा महिन्यांनी बघू. दुसऱ्यावर चाकण, राहायचं-खायचं स्वतःचं. तिसऱ्यावर विमा विकायचा, पगार नाही, कमिशन, आणि सुरुवात नातेवाइकांपासून करा. चौथ्यावर युनिफॉर्म आणि आयकार्डचे पंधराशे आधी भरा मग बोलू. पुढे एकदोन ठिकाणी नुसतेच कागद ठेवून घेतले. बारापैकी सात झेरॉक्स परत घरी आल्या. दिलेल्या पाचांपैकी एकाचाच फोन आला, विमावाल्याचा, तोही मलाच पॉलिसी विकायला.

आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या पान तीनवर हा मोठा फोटो. रांगेत तिसरा, चेक्सचा शर्ट, तो आमचा. खाली ओळ काय, तर 'मेळाव्यात शेकडो तरुणांच्या हाताला काम'. साहेब, त्याच्या हातात फाइल होती.

सकाळी आठपासून फोन सुरू. सुरतहून पुतण्या, काका पेढे कधी. समोरच्या आक्का तर घरातच आल्या आणि आमच्या आईला विचारू लागल्या, "तुमना आंडोर आते काय करस?" आंडोर म्हणजे मुलगा, खरं तर नातू, पण म्हातारीने फक्त रोजचं उत्तर दिलं, "अभ्यास करस." आठ वर्षं ती हेच सांगते आहे, तिला आता ८६ वं चालू आहे. सगळ्यात वाईट म्हणजे धरणगावचं एक स्थळ सहा महिन्यांपासून 'बघू, कळवू' करत होतं, त्यांनी तुमचं कात्रण पाहून मध्यस्थाला फोन केला की रविवारी येतो. आता सांगा, पेपरात छापून आलंय ते खोटं आहे असं बापाने कोणत्या तोंडाने सांगायचं? सांगितलं. रविवारी कोणी आलं नाही, हिने आणलेला चिवडा आम्हीच तीन दिवस खाल्ला. मी तेव्हा तुम्हाला पोस्टाने पत्र टाकलं होतं, खुलासा छापा म्हणून. नाही छापलं. जागेची अडचण असेल, कारण त्याच आठवड्यात पहिलं अख्खं पान स्पर्धा परीक्षेच्या अकॅडमीने घेतलं होतं. आणि कालचा तुमचा लेख म्हणतो पोरं स्पर्धा परीक्षांच्या नादी लागून वर्षं वाया घालवतात! नादी लावतं कोण, तर पान एक. रागावतं कोण, तर पान सहा.

आता त्या अकरा हजाराचा हिशोब. मी जन्मभर हिशोबच लिहिले म्हणून सवय. एरंडोल ते जळगाव एमआयडीसी जाऊन-येऊन साठेक किलोमीटर, म्हणजे रोज एक लीटर पेट्रोल, लीटरला शंभराच्या वर, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सत्तावीसशे रस्त्यात गेले. उरले आठ हजार तीनशे. बारा तासांच्या हिशोबाने तासाला साडेसव्वीस रुपये पडतात. माझी तीन एकर कपाशी आहे, वेचायला बाया येतात, किलोला दहा रुपये घेतात, हात चालणारी बाई दिवसाला चाळीस किलो सहज वेचते, संध्याकाळी चारशे रुपये रोख, आणि अंधार पडायच्या आत घरी. एमकॉमपेक्षा त्यांचा तास महाग आहे, आणि असावाच, कंबर मोडते. दिवाळीत मजूर मिळेना तेव्हा आमचाच मुलगा त्यांच्या ओळीत ओटी बांधून वेचत होता, बोटं फाटेपर्यंत. लेखकसाहेबांनी कष्टाची लाज म्हटलं म्हणून सांगितलं, नाहीतर घरातलं सांगायची आम्हाला सवय नाही.

गाडी नको, एसटीने जा म्हणाल. तिथे तर गंमतच. आईला पंचाहत्तरीच्या वर म्हणून फुकट, हिला महिला म्हणून अर्धं, मला पासष्टच्या वर म्हणून अर्धं. चौघं जळगावला लग्नाला गेलो तर पूर्ण तिकीट फक्त त्याचं, ज्याच्या खिशात काही नाही.

एक गोष्ट मान्य करतो. मुलगा सकाळी नऊशिवाय उठत नाही, आणि रात्री अभ्यासिकेत अभ्यास चालतो की मोबाइल हे मी बघायला गेलो नाही. पण २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर, फी खुल्याला हजार आणि राखीवला नऊशे. लागला नाही म्हणून त्याला आळशी म्हणायचं असेल तर उरलेल्या दहा लाखांनाही एकेकाला गाठून म्हणा. निकालात दोनशेच्या पेपरात २१४ मार्क पण निघाले होते, वेगवेगळ्या पाळ्यांचे मार्क एका मापात आणायचं नॉर्मलायझेशन म्हणे. आम्ही शाळेत असं करून दाखवलं असतं तर मास्तरांनी बापाला बोलावून घेतलं असतं. शेजारची मुलगी त्या मुख्यमंत्री प्रशिक्षण योजनेत लागली, ग्रॅज्युएट म्हणून महिना दहा हजार, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा महिने केले. मुदत संपली, सर्टिफिकेट हातात, ती परत घरी. आता तीही अभ्यासिकेत जाते.

आमच्या पिढीच्या कष्टांबद्दल लेखात जे भरून लिहिलंय त्याबद्दल एक कबुली देतो, बाकीचे माझ्या वयाचे देतील की नाही माहीत नाही. १९८१ साली मी बीकॉम झालो, सेकंड क्लास. गल्लीतले तात्या मला सायकलवर डबलसीट बसवून एका सहकारी संस्थेच्या चेअरमनकडे घेऊन गेले. चेअरमन जेवत होते. त्यांनी विचारलं, अक्षर कसं आहे? तात्या म्हणाले, मोत्यासारखं. सोमवारपासून ये म्हणाले. झाला माझा इंटरव्ह्यू, २०१७ ला रिटायर झालो. कष्ट कोणाचे असतील तर तात्यांचे, चढावर सायकल त्यांनी मारली. पेन्शनचं विचारू नका, ते वेगळं पत्र होईल.

तर विनंती एवढीच की मार्चातल्या त्या फोटोचा खुलासा आता तरी छापा, दोन ओळींचा पुरे, आतल्या पानावर चालेल. धरणगावची मंडळी पेपर पूर्ण वाचतात.

आणि हो, मंगळवारचं शब्दकोडं तुम्ही बुधवारी परत छापलं. आमच्या लक्षात आलं कारण मुलाने दोन्ही दिवस सोडवलं.

कळावे,
आपला जुना वाचक,
एरंडोल