झांकीच्या रात्री दोघांनाही बोलाव

लिव्हरपूल,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

उद्या राखी पौर्णिमा. दादाची राखी पंधरा दिवसांपूर्वीच पोस्टात टाकली आहे, पोचली असेल. हे पत्र मात्र मुद्दाम लिहिते आहे. फोनवर मी हा विषय काढला की तू "जाऊ दे गं, होतं असं" म्हणतेस, मागे कुकरची शिट्टी होते आणि बोलणं तिथेच राहतं. या वेळी मला ते राहू द्यायचं नाही. तू गौरी-गणपतीला धुळ्याहून इंदूरला मावशीकडे जाणार आहेस, अनंत चतुर्दशीला झांक्यांची, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची, मिरवणूक निघते तोपर्यंत राहणार आहेस, म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. पण आधी काय झालं ते सगळं सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे.

नावं लिहीत नाही. पत्र दादा वाचेल, वहिनी वाचेल, मावशीकडेही जाईल. रामबागवाली आणि सुदामानगरवाला एवढं म्हटलं की तुला कळेल. दोघंही आपल्या इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या वाड्यात तुझ्या हातचे पोहे खाऊन मोठे झालेत. तिला वरून जिरावन मसाला जास्त लागायचा आणि तो सगळी सेव आधी वेचून खायचा.

या वर्षी इंदूरच्या लोकसभेचं काय झालं ते तिकडे तुमच्याही पेपरात आलं असेलच. २९ एप्रिलला, अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, काँग्रेसच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. मग काँग्रेसनं लोकांना नोटाचं बटण दाबा म्हणून सांगितलं. १३ मेला मतदान झालं. ४ जूनला निकाल लागला तेव्हा भाजपचे उमेदवार ११ लाख ७५ हजारांवर मतांनी निवडून आले, आणि नोटाला २ लाख १८ हजारांवर मतं पडली. नोटाला एवढी मतं देशात याआधी कुठेच पडली नव्हती.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर चौदा जण आहेत. सुदामानगरवाल्यानं नोटा दाबला होता आणि तसं उघड सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, "मला ज्याला मत द्यायचं होतं तोच निघून गेला, मग मी काय करायचं होतं?" रामबागवालीचं म्हणणं, "अरे, यादीत आणखी उमेदवार होते ना! नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही, मग ते मत वायाच गेलं." आई, मला विचारशील तर दोघांच्याही म्हणण्यात दम होता. मला स्वतःला त्या मागे घेतलेल्या अर्जाचं फार वाईट वाटलं होतं. माणूस उन्हात रांगेत उभा राहणार, त्याच्यापुढे खरी निवड तरी असावी. पण हे वाद घालण्यासारखं होतं, तुटण्यासारखं नव्हतं. महिनाभर दोघं भांडले आणि मध्येच तो तिला तिच्या मुलाच्या बारावीचं विचारायचा.

तुटलं ते ४ जूनच्या रात्री. त्यासाठी तुला मिलचं आठवावं लागेल. तिचे बाबा हुकुमचंद मिलमध्ये होते. १९९१ मध्ये मिल बंद पडली तेव्हा आम्ही दहावीत होतो. त्यानंतर ते घरी शिलाईची कामं घेऊन बसायचे आणि दर तारखेला कोर्टात जाऊन यायचे. थकबाकीचा निकाल लागायला बत्तीस वर्षं गेली. गेल्या २५ डिसेंबरला, म्हणजे २०२३ च्या, २२४ कोटी रुपये मोकळे झाले आणि जवळजवळ ४,८०० कामगारांचा प्रश्न सुटला. तोवर कित्येक जण वाट बघत गेलेले होते, तिचे बाबाही गेलेले होते. पैसे तिच्या आईच्या नावावर आले. तिनं तेव्हा मला फोन केला होता आणि आम्ही दोघी नुसत्या रडलो होतो. ज्यांच्या हातून ते पैसे मिळाले त्यांना तिनं मत दिलं. ती कृतज्ञ आहे, आणि ते मला समजतं.

त्या रात्री तिकडे साडेअकरा वाजले असतील, इकडे संध्याकाळचे सात. सुदामानगरवाल्यानं एक फॉरवर्ड टाकलं. लांबलचक हिंदी, वर दोन बाण, म्हणजे कुठून कुठून फिरत आलेलं. त्यात मधेच एक ओळ होती: ज्यांच्या खात्यात पैसे पडले त्यांनी मत विकलं. ती ओळ कुठल्या राज्याबद्दल होती, कुठल्या योजनेबद्दल होती, देव जाणे. तिच्या बाबांबद्दल नक्कीच नव्हती. पण तिनं ती वाचली ती आईच्या पासबुकावर बोट ठेवून. पाच मिनिटांत तिकडून दुसरं फॉरवर्ड आलं, त्यात नोटा दाबणारे देशाचे शत्रू होते. मग त्याचं तिसरं, तिचं चौथं. शेवटी तिनं स्वतःच्या हातानं एकच ओळ लिहिली, "माझ्या बापाच्या घामाला तू लाच म्हणालास," आणि ती ग्रुपमधून निघून गेली. त्यानं खाली लिहिलं, "मी असं कधी म्हणालो?"

आई, तो खरंच तसं म्हणाला नव्हता. हीच गोष्ट मला अडीच महिने झोपू देत नाही. त्या रात्री दोघांमध्ये जेवढं विष गेलं त्यातलं एक वाक्य सोडून बाकी काहीच त्यांचं नव्हतं. कोणीतरी परक्यानं, ज्यानं ना रामबाग पाहिली ना सुदामानगर, कुठेतरी बसून ते शब्द शिजवले. या दोघांनी दुसऱ्याचं उष्टं एकमेकांच्या ताटात वाढलं. तू आम्हाला लहानपणी उष्टं कोणाला द्यायचं नाही म्हणून हातावर फटके मारायचीस. ते आम्ही अन्नापुरतंच शिकलो.

आणि मी? मी बसमध्ये बसून सगळं वाचत होते. ती ओळ पाहताक्षणी माझ्या पोटात खड्डा पडला, कारण पासबुकाची गोष्ट मला ठाऊक होती. मी त्याला वेगळा निरोप टाकू शकले असते: अरे, तिच्या आईचे मिलचे पैसे आठव आणि हे काढून टाक. वीस सेकंदांचं काम होतं. मी केलं नाही. चार दिवस आधी मी काही लिहिलं तेव्हा त्यानं उत्तर दिलं होतं, "तुझं इथे मतच नाही, तू बोलू नकोस." ते मला लागलं होतं. माझा पासपोर्ट अजून भारताचाच आहे. पण परदेशात राहणाऱ्यानं नाव नोंदवलं तरी मत द्यायला तिथे जातीनं हजर राहावं लागतं, तेवढी रजा मला मिळाली नाही. इथे मात्र राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून ४ जुलैला मला मत देता येणार होतं, आणि पुढे मी ते देऊनही आले. जिथे माझं कोणी नाही तिथे माझं मत, जिथे सगळे आहेत तिथे नाही, हे आधीच सलत होतं, त्यात त्यानं मीठ चोळलं. म्हणून मी गप्प बसले. बाकीचे अकरा जणही गप्प बसले. सगळ्यांच्या निळ्या खुणा मात्र पडलेल्या होत्या. एवढे लोक बघत असताना त्या दोघांपैकी कोणाला माघार घेता येणार होती?

बाबांचा ओटला आठवतो. सकाळी नईदुनिया आला की बाबा आणि शेजारचे काका यांची जुंपायची. मराठी घरं, पण पेपर हिंदी, आणि बाबांना त्याचा कोण अभिमान, की या पेपराचे संपादक आपले राहुल बारपुते होते. काका काही बोलले की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" काकांना नाव सांगावं लागायचं. साडूनं सांगितलं, ऑफिसातल्या अमक्यानं सांगितलं, पेपरात आलं. नाव निघालं की निम्मी हवा जायची, कारण साडूला सगळेच ओळखत होते. ग्रुपवर आम्हा चौदांपैकी एकानंही कधी हा प्रश्न विचारला नाही.

फोन आले म्हणून सगळं बिघडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९८४ ला कोणाच्या हातात फोन होता? तरी त्या दंगलीत राजवाडा जळालाच. तो जळका वास आपल्या घरात किती दिवस होता ते तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. मी आठ वर्षांची होते. समोरचं सरदारजींचं कुटुंब आपल्या माजघरात होतं, तू त्यांच्या धाकट्याला दूधभात भरवत होतीस, आणि दारापुढे ओटल्यावर रात्रभर बाबा आणि काका बसले होते, दोघं शेजारी शेजारी. सकाळी ज्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नव्हतं ते दोघं. त्या रात्री ते राजकारण बोलले का, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. आता विचारावंसं वाटतं.

आता इकडचं. टीव्हीवर पाहून तू घाबरली होतीस आणि मी तुला सगळं सांगितलं नव्हतं. इथून ट्रेननं पाऊण तासावर साउथपोर्ट आहे. तिथे २९ जुलैला मुलींच्या नाचाच्या वर्गात एका सतरा वर्षांच्या मुलानं चाकूनं तीन लहान मुलींचा जीव घेतला. काही तासांत फोनांवर एक नाव फिरायला लागलं, की मारणारा मुसलमान आहे, बोटीतून आलेला आश्रित आहे. नाव बनावट होतं. मुलगा इथेच, कार्डिफला जन्मलेला होता. पण दुसऱ्या संध्याकाळी जमाव तिथल्या मशिदीवर गेला आणि मग गावोगाव पेटलं. ३ ऑगस्टच्या रात्री आमच्या शहरात वॉल्टन भागातलं वाचनालय पेटवलं. वाचनालय, आई! लहान मुलांची पुस्तकं होती तिथे. त्या आठवड्यात आम्हा सगळ्यांना हॉस्पिटलातून जोडीजोडीनं घरी जायला सांगितलं होतं.

मला त्या रात्री राईनपाडा आठवला. तुम्ही धुळ्यात आहात, तुम्हाला सांगायला नको. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस, आणि मंगळवेढ्याकडून आलेले डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, मुलं पळवणारी टोळी म्हणून जमावानं मारले. दादा दोन दिवस जेवला नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. ते दोन बाणही नंतर त्यातूनच आले. बाण आम्हा चौदांना दिसले होते, कोणी थांबलं नाही.

पण एक गोष्ट तुला सांगायचीच आहे. इथे अब्दुल्ला क्विल्यम यांच्या नावाची जुनी मशीद आहे, इंग्लंडमधली पहिली म्हणतात. २ ऑगस्टला तिच्यापुढे विरोधक घोषणा देत जमले होते, मधे पोलीस. संध्याकाळी तिथले इमाम आणि सोबतची माणसं खायचं घेऊन रस्ता ओलांडून त्यांच्याकडे गेली. काहींनी घेतलं, काहींनी नाही घेतलं. काही जण बोलत उभे राहिले आणि दोघाचौघांनी शेवटी मिठी मारली. मी ते चित्र पुन्हा पुन्हा पाहिलं.

आणि ४ ऑगस्टच्या पहाटे मला दोन निरोप आले. पहिला सुदामानगरवाल्याचा: "बरी आहेस ना? घराबाहेर पडू नकोस." त्याखाली थोड्या वेळानं, "तिला कळवलंस का? ती काळजी करत असेल." अर्ध्या तासानं रामबागवालीचा: "फोन लागत नाहीये, एका शब्दात कळव." आणि शेवटी, "ग्रुपवर मी नाही, तिथेही सांग. तो टीव्ही लावून बसला असेल." दोन महिन्यांत दोघांनी एकमेकांचं नाव पहिल्यांदा काढलं ते असं, माझ्या आडून. मी त्याला विचारलं, "ती ओळ टाकण्याआधी वाचली होतीस का?" खूप वेळानं उत्तर आलं, "नाही." मग पासबुकाचं सांगितलं. त्यावर त्यानं काहीच लिहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी ते फॉरवर्ड कोणी पाठवलं ते शोधत बसला होता, असं त्याच्या बायकोनं सांगितलं. सापडलं नाही.

तर काम हे. १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मावशीची गॅलरी जेल रोडवर आहे, झांक्या खालून जातात. मिली बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या बंद पडू दिल्या नाहीत. तिचे बाबा हुकुमचंदच्या झांकीवर रात्र रात्र राबायचे, आणि आम्ही सगळे त्याच गॅलरीत गजांत पाय सोडून बसायचो. त्या रात्री दोघांनाही बोलाव. तू फोन केलास तर दोघांपैकी कोणीही नाही म्हणणार नाही. एकमेकांना सांगू नकोस की दुसराही येतो आहे असं आधी लिहिणार होते, पण नको. स्पष्ट सांग. तिला सांग की तो येणार आहे, त्याला सांग की ती येणार आहे, आणि तिची आईही येणार आहे. मावशीला भुट्ट्याचा किस करायला सांग, आणि तिच्या आईला त्याच्या शेजारची खुर्ची दे. राजकारण निघालं तर निघू दे, तू थांबवू नकोस. फक्त कोणी फोन काढून वाचायला लागलं, तर बाबांचा प्रश्न विचार.

तोवर मी इथे जागी असेन. हुकुमचंदची झांकी जेल रोडवर आली की मला व्हिडिओ कॉल कर, दादाकडून कसा लावायचा ते शिकून ठेव. गुडघ्याचं तेल भाऊबिजेला येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवते. बसनं जाताना सेंधव्याचा घाट लागतो तिथे खिडकीशी बसू नकोस, तुला मळमळतं.

दादा-वहिनीस नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
बेबी