घरात मधुमेह असेल तर तिशीतच तपासा

महोदय,

माझ्या वडिलांना मधुमेह होता. टाचेची जखम भरेना, तेव्हा कुठे साखर तपासली गेली. रोज संध्याकाळी आई ती पट्टी सोडवायची आणि आम्ही भावंडं बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचो. तरीही चाळिशी उलटेपर्यंत मी रक्त तपासलं नाही. कारण एवढंच, की मी बारीक!

बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समज पुण्यातल्याच संशोधनाने खोडला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या १९९३ पासूनच्या अभ्यासात, कमी वजनाच्या आपल्या बाळांच्या अंगातही चरबी ब्रिटिश बाळांच्या तुलनेने जास्त आढळली; आणि अंगातली जादा चरबी मधुमेहाचा धोका वाढवते.

भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात (जितके गुण जास्त, तितका धोका जास्त) आई किंवा वडिलांना मधुमेह असल्यास १० गुण, दोघांना असल्यास २०. पण एकूण १०० पैकी कंबरेचा घेर आणि हालचाल यांचे मिळून ५० आहेत, आणि ते आपल्या हातात आहेत. माझं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, ६.१ टक्के आलं, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. आता रोज पहाटे तळजाई टेकडी चढतो. गणेश मंडळांनी यंदा मांडवाशेजारी साखर तपासणी ठेवावी आणि तरुण कार्यकर्त्यांनाच आधी रांगेत उभं करावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे